‘फॉल थ्रू’ म्हणजे ‘पार पडणे’ नव्हे

साताऱ्यात मी संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घेते. येणारी बहुतेक मुले मराठी माध्यमातून बारावी झालेली असतात, काही दिवसभर नोकरी करून येतात. व्याकरणाचे नियम त्यांना तोंडपाठ असले तरी वाक्य ती आधी मनात मराठीत बांधतात आणि मग एकेक शब्द उचलून इंग्रजीत नेऊन ठेवतात. यात कमीपणाचे काही नाही, कारण दुसरी भाषा शिकणारा प्रत्येक माणूस काही काळ असाच चालतो आणि बहुतेक वेळा इच्छित ठिकाणी पोहोचतोही. पण कधी कधी एकेक शब्द अगदी बरोबर उचलूनही वाक्य नेमके उलट्या गावाला जाते. आजचे लेखन अशाच एका वाक्याविषयी आहे.

‘आमच्या घरातील मंगल प्रसंग’ या विषयावर एका विद्यार्थिनीने थोरल्या बहिणीच्या लग्नाचे वर्णन लिहून आणले होते. चांगली दोन पाने मजकूर होता. हळदीच्या आदल्या दिवशी जात्याला बांधलेले हळकुंड, पहाटे निघालेली वऱ्हाडाची एसटी, मंगलाष्टके चालू असताना गेलेली वीज आणि नवरीच्या मागे उभ्या असलेल्या मामांनी उंच धरलेला मोबाइलचा उजेड, असे सगळे तिने मनापासून लिहिले होते. शेवटचे वाक्य होते, ‘माय सिस्टर्स वेडिंग फेल थ्रू व्हेरी नाइसली.’ तिला म्हणायचे होते की बहिणीचे लग्न छान पार पडले. इंग्रजीत मात्र तिने लिहिले होते की लग्न झालेच नाही.

मी तिला जवळ बोलावले आणि हे वाक्य कसे सुचले ते विचारले. तिने वहीचा समास दाखवला. तिथे शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते, ‘पार = थ्रू, पडणे = फॉल’. दोन्ही अर्थ बरोबर होते. पार म्हणजे थ्रू, पडणे म्हणजे फॉल, पडले म्हणजे फेल. तिने शब्दकोश उघडला होता, भूतकाळाचे रूप आठवणीने वापरले होते आणि एकही चूक केली नव्हती, तरीही वाक्य तिच्या मनातल्या अर्थाच्या अगदी विरुद्ध टोकाला जाऊन उभे राहिले होते. मी त्या वाक्यावर लाल रेघ ओढली नाही. दुसऱ्या दिवशी संपूर्ण वर्गाचा वेळ त्याच वाक्याला दिला.

‘फॉल थ्रू’ या क्रियापदाचा अर्थ असा सांगता येईल : ठरलेली किंवा ठरत आलेली गोष्ट प्रत्यक्षात न येणे. बेत, सौदा, सहल, लग्न, घराची खरेदी, दोन कंपन्यांचे विलीनीकरण, मिळू घातलेली नोकरी, अशा ज्या गोष्टी आधी ठरतात आणि नंतर घडतात त्यांनाच हे क्रियापद लागते. ठरणे आणि घडणे यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, त्या जागेत गोष्ट पडली की ती ‘फेल थ्रू’ झाली. म्हणून परीक्षेत नापास झालेल्या मुलाविषयी ‘ही फेल थ्रू’ असे म्हणता येत नाही, कारण माणूस ही ठरवलेली गोष्ट नव्हे. बांधून झालेला पूल कोसळला तर तेथेही हे क्रियापद चालत नाही, कारण तो पूल घडून गेलेला आहे. पूल बांधण्याचा करार मात्र फॉल थ्रू होऊ शकतो.

आता मराठीकडे पाहू. आपल्याकडे ‘पार’ हा शब्द पलीकडच्या तीराचा आहे. नदी पार केली, पैलपार गेलो, संकटातून पार झालो, असे आपण म्हणतो तेव्हा मनात पलीकडे पोहोचणेच असते. ‘पार पडणे’ यातले ‘पडणे’ खाली कोसळण्याचे नाही. उपयोगी पडणे, स्वस्त पडणे, गाठ पडणे, या शब्दप्रयोगांत जसे पडणे म्हणजे केवळ होणे किंवा येऊन ठेपणे असते, तसेच ते येथे आहे. म्हणून कार्य पार पडले म्हणजे ते पलीकडच्या तीराला सुखरूप लागले. इंग्रजीतल्या ‘फॉल थ्रू’मध्ये मात्र पडणे हे खरोखरच खाली पडणे आहे, आणि थ्रू म्हणजे ज्या फटीतून वस्तू निसटते ती फट. मला तरी हा शब्द समजावताना नेहमी एसटीच्या जुन्या गाडीतल्या फळकुटांची आठवण होते. मुठीतले नाणे सुटले की ते फळ्यांच्या फटीतून थेट रस्त्यावर जायचे. नाणे मोडत नसे, कोणी चोरतही नसे, ते फक्त आपल्या हाती राहत नसे.

मुलांना आणखी एक गोष्ट सांगावी लागते, ती म्हणजे दोष ‘थ्रू’चा नाही. ‘द डील वेंट थ्रू’ म्हणजे व्यवहार पार पडला. ‘शी पुल्ड थ्रू’ म्हणजे ती दुखण्यातून उठली. ‘ही केम थ्रू’ म्हणजे तो अडचणीतून निभावून आला किंवा दिलेल्या शब्दाला जागला. या सर्व ठिकाणी थ्रू हा पलीकडे पोहोचवणाराच शब्द आहे, आपल्या ‘पार’चा सख्खा भाऊ शोभावा असा. ‘फॉल’शी गाठ पडते तेव्हाच त्याची दिशा बदलते. त्यामुळे ‘वेंट थ्रू’ आणि ‘फेल थ्रू’ ही जोडी मी फळ्यावर नेहमी शेजारी शेजारी लिहिते, आणि त्यांच्याखाली ‘पार पडला’ व ‘बारगळला’ असे मराठी शब्द लिहिते.

या क्रियापदाचा आणखी एक गोंधळ केवळ देवनागरीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला येतो आणि कोणत्याही इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात तो मला सापडलेला नाही. पडणे या अर्थाच्या ‘फॉल’चा भूतकाळ आपण ‘फेल’ असा लिहितो आणि अयशस्वी होणे या अर्थाचे क्रियापदही ‘फेल’ असेच लिहितो. इंग्रजी उच्चारात फरक आहे. पहिल्यातला स्वर आखूड आणि सरळ आहे, दुसऱ्यातला लांब असून शेवटी इकाराकडे झुकतो. ‘बॅट’ आणि ‘बॉल’ यांतल्या परक्या स्वरांसाठी मराठीने अर्धचंद्राची सोय करून घेतली, पण या दोन एकारांत फरक दाखवणारे चिन्ह आपल्या लिपीत नाही आणि आपला कानही तो फरक सहसा धरत नाही. परिणाम असा होतो की ‘द प्लॅन फेल थ्रू’ हे वाक्य मराठी कानाला ‘प्लॅन फेल गेला’ असेच ऐकू येते. अर्थ जवळपास जुळतो, म्हणून चूक लक्षातही येत नाही. ती उघडी पडते ती लिहिताना, कारण मग ‘द प्लॅन फेल्ड थ्रू’ असे वाक्य हमखास उतरते, आणि हा प्रकार इंग्रजीत मुळातच नाही.

खरे तर ‘फॉल’ आणि ‘फेल’ यांचे एकमेकांशी रक्ताचे नाते नाही. ‘फॉल’ हा जुन्या इंग्रजीतला, जर्मन भाषेच्या कुळातला शब्द आहे. अयशस्वी होणे या अर्थाचा ‘फेल’ लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, आणि ज्या लॅटिन क्रियापदापासून तो निघाला त्याचा अर्थ फसवणे असा होता. हे प्रथम वाचले तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण आपल्या ‘फसणे’ या क्रियापदाने स्वतंत्रपणे हाच रस्ता धरला आहे. माणूस फसतो म्हणजे त्याची फसवणूक होते, आणि बेत फसतो, डाव फसतो म्हणजे तो यशस्वी होत नाही. दोन दूरच्या भाषांना अपयशाचे वर्णन करताना फसवणूकच आठवावी, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

पडण्याशी अपयशाचा संबंध मराठीतही आहेच. निवडणुकीत उमेदवार पडतो, नाटक पडते, चित्रपट पडतो, सरकार पडते. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार लोकसभेत अवघ्या एका मताने, २६९ विरुद्ध २७० असे पडले, तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रांनाही पडण्याचेच क्रियापद लागले, पण ते साधे ‘फेल’ होते, ‘फेल थ्रू’ नव्हे. सरकार अस्तित्वात होते आणि ते पडले. उलट बेत पडला, सहल पडली, सोयरीक पडली असे मराठी माणूस चुकूनही म्हणणार नाही. जे उभे आहे तेच पडू शकते, हे आपल्या भाषेने पक्के धरून ठेवले आहे. जे अजून उभेच राहिलेले नाही त्याच्यासाठी तिच्याकडे वेगळे शब्द आहेत, आणि माझ्या मते ‘फॉल थ्रू’ शिकवण्याचा खरा रस्ता त्या शब्दांतून जातो.

त्यातला पहिला शब्द ‘बारगळणे’. दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जाण्याचा बेत होतो, दोघातिघांच्या रजा जुळत नाहीत, गाडीचे आरक्षण मिळत नाही, कोणी नाही म्हणत नाही आणि कोणी पुढाकारही घेत नाही, आणि एके दिवशी लक्षात येते की आता जाणे होणार नाही. हा बेत बारगळला. यात भांडण नाही, नकार नाही, कोणाचा निर्णयही नाही. दुसरा शब्द ‘फिसकटणे’. याला दोन बाजू लागतात. बोलणी फिसकटतात, व्यवहार फिसकटतो, बैठक फिसकटते. डोळ्यांत घातलेले काजळ पुसले जाऊन पसरते त्यालाही आपण फिसकटलेच म्हणतो, आणि मला वाटते दोन्ही अर्थांत चित्र एकच आहे : रेघ नीट ओढली गेली होती, पण ती वाळून पक्की होण्याआधीच धक्का लागला. ‘फॉल थ्रू’ या एका क्रियापदात इंग्रजीने हे दोन्ही शब्द बसवले आहेत. त्यामुळे इंग्रजीतून मराठीत येताना आधी थांबून विचारावे लागते की हे निवांतपणे विरून गेले की कोठे तरी अडून मोडले. विषय सहलीचा असेल तर बहुधा बारगळली, वाटाघाटींचा असेल तर बहुधा फिसकटल्या.

‘मोडणे’ हा तिसरा शब्द अधिक गंभीर आहे. ग्रामीण भागात अजूनही सुपारी फुटणे या विधीला मोठे महत्त्व आहे. सुपारी फुटण्याआधी देण्याघेण्यावरून किंवा आणखी कशावरून जमले नाही, तर माणसे बोलणी फिसकटली एवढेच म्हणतात. एकदा सुपारी फुटली आणि मग अडले, तर मात्र ‘लग्न मोडले’ असे म्हणतात आणि ते म्हणतानाचा आवाजही वेगळा असतो. पहिल्या प्रकारात दोन्ही घरे पुन्हा एकमेकांच्या कार्याला जातात. दुसऱ्या प्रकारानंतर कित्येक वर्षे बोलणे बंद राहिलेली घरे मी पाहिली आहेत.

या शब्दाची रचनाही लक्षात घेण्यासारखी आहे. ‘मोडणे’ हे सकर्मकही आहे आणि अकर्मकही. ‘मुलाकडच्यांनी लग्न मोडले’ या वाक्यातून ‘मुलाकडच्यांनी’ एवढा शब्द काढून घेतला की उरलेले ‘लग्न मोडले’ हे वाक्य जसेच्या तसे पूर्ण राहते, क्रियापदाचे रूपही बदलावे लागत नाही, आणि कर्ता मात्र गायब होतो. इंग्रजी ‘फॉल थ्रू’ला कर्त्याची अशी ये-जा मान्य नाही. ते कायम अकर्मक असते. ‘वी फेल थ्रू द प्लॅन’ असे म्हणता येत नाही, ‘द प्लॅन वॉज फॉलन थ्रू’ असेही म्हणता येत नाही. ‘थ्रू’च्या पुढे एखादे नाम आलेच तर अर्थ बहुधा शब्दशः घ्यावा लागतो, जसे की ‘ही फेल थ्रू द रूफ’ म्हणजे तो छतातून खाली पडला. बोलतानाही जोर ‘फेल’वर न देता ‘थ्रू’वर द्यायचा असतो. मुले नेमके उलटे करतात, म्हणून हे मी मोठ्याने म्हणवून घेते.

कर्ता नसणे हाच या क्रियापदाचा आत्मा आहे, असे मला वाटते. म्हणून त्याचा फरक ‘कॉल ऑफ’शी नीट समजून घ्यावा लागतो. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे, आणि रद्द करायला कोणी तरी लागतो. अलीकडच्या दोन मोठ्या व्यवहारांवरून हे चांगले दिसते. सोनी आणि झी यांच्या भारतातील विलीनीकरणाचा करार डिसेंबर २०२१ मध्ये झाला आणि २२ जानेवारी २०२४ रोजी सोनीने तो संपुष्टात आणल्याची नोटीस दिली. येथे निर्णय घेणारी बाजू स्पष्ट आहे, म्हणून ‘कॉल्ड ऑफ’ हे क्रियापद नेमके बसते. याउलट भारती एअरटेल आणि दक्षिण आफ्रिकेतील दूरसंचार कंपनी एमटीएन यांची २० अब्ज डॉलरहून मोठ्या व्यवहाराची बोलणी २००८ मध्ये एकदा आणि सप्टेंबर २००९ मध्ये दुसऱ्यांदा निष्फळ ठरली. दुसऱ्या वेळी अडचण आली ती कंपनीची नोंदणी दोन्ही देशांच्या शेअर बाजारांत ठेवण्याच्या प्रश्नावर, आणि दक्षिण आफ्रिकेच्या सरकारची मान्यता मिळाली नाही. भारतीला हा व्यवहार हवा होता, बोलणी महिनोन् महिने चालली होती, तरी तो झाला नाही. अशा ठिकाणी ‘फेल थ्रू’. कोणी ‘द डील वॉज कॉल्ड ऑफ’ असे लिहिले तर ते चूक ठरणार नाही, पण त्यातून शेवटचे पत्र कोणी लिहिले एवढेच कळते, व्यवहार कोठून निसटला ते कळत नाही.

‘ब्रेक डाउन’शीही त्याची सरमिसळ होते. त्याचे उदाहरण म्हणून मी वर्गात आग्ऱ्याची शिखर परिषद सांगते. जुलै २००१ मध्ये वाजपेयी आणि पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ यांची भेट झाली आणि १६ जुलैच्या रात्री संयुक्त जाहीरनाम्याविना मुशर्रफ परतले. परिषद झाली होती, म्हणून परिषद फॉल थ्रू झाली असे म्हणता येत नाही. बोलणी ‘ब्रोक डाउन’, म्हणजे चालू असलेली प्रक्रिया मध्येच बंद पडली. जाहीरनामा मात्र होणार होता आणि झाला नाही, म्हणून तो ‘फेल थ्रू’. त्याच दौऱ्यात मुशर्रफ अजमेरच्या दर्ग्याला जाणार होते आणि बोलणी लांबल्यामुळे तेही राहिले. अजमेरचा बेतही ‘फेल थ्रू’, आणि मराठीत तो बारगळला. एकाच दिवसाच्या घटनेत ही दोन्ही क्रियापदे आपापल्या जागी इतकी स्वच्छ बसलेली दिसतात की मला दुसरे उदाहरण शोधावेसे वाटत नाही. ‘फॉल अपार्ट’, ‘फॉल शॉर्ट’, ‘फॉल फ्लॅट’ ही याच घरातली इतर भावंडे आहेत, पण त्यांचा स्वभाव वेगळा आहे. ‘फॉल थ्रू द क्रॅक्स’ मात्र वेगळाच वाक्प्रचार आहे. एखादा गरजू माणूस व्यवस्थेच्या नजरेतून सुटून जातो, तेव्हा तो वापरतात.

हे सगळे मी अनेक वर्षे शिकवत होते, पण या शब्दाचे खरे घर कोठे आहे ते मला गेल्या वर्षी कळले, आणि तेही माझ्या मावशीमुळे.

मावशी कराडला राहते. तिचा मुलगा इंग्लंडमध्ये लेस्टरला नोकरी करतो. एका रात्री साडेनऊच्या सुमारास मावशीचा फोन आला. एरवी ती इतक्या उशिरा फोन करत नाही. तिचा आवाज कापत होता. मुलाचा संदेश आला होता, पण तो कामावर असल्याने फोन उचलत नव्हता. मी तिला संदेश वाचून दाखवायला सांगितले. तिने एकेक अक्षर लावत वाचले, ‘हाउस हॅज फॉलन थ्रू. विल एक्स्प्लेन ऑन संडे.’ आणि लगेच म्हणाली, “अगं, घर पडलंय त्याचं. पोरं कुठं असतील आता?”

मी तिला सांगितले की घर पडलेले नाही, घराचा व्यवहार फिसकटला आहे, सगळे सुखरूप आहेत. तिला ते पटायला वेळ लागला, कारण तिच्या डोळ्यांसमोर ‘हाउस’ होते आणि ‘फॉलन’ होते. शेवटी मी म्हणाले, “मावशी, सुपारी फुटायच्या आधी सोयरीक फिसकटावी ना, तसं झालंय.” त्यावर ती एकदम शांत झाली आणि म्हणाली, “मग असं लिहावं ना त्यानं.” रविवारी मी स्वतः भावाशी बोलले, आणि त्याने जे सांगितले त्यावरून मला कळले की मी दिलेली उपमा केवळ मावशीच्या समाधानापुरती नव्हती, ती कायद्याच्या अंगानेही बरीच जवळची होती.

इंग्लंड आणि वेल्समध्ये घर विकणाऱ्याने तुमचा भाव मान्य केला तरी त्या क्षणी कोणीही बांधला जात नाही. जमिनीच्या व घराच्या विक्रीचा करार लेखी आणि दोन्ही बाजूंच्या सहीचाच असला पाहिजे, असे तिथला १९८९ चा कायदा सांगतो. त्यामुळे भाव ठरल्यानंतर घराची तपासणी, वकिलांनी घ्यायचा कागदपत्रांचा शोध, बँकेचे कर्ज असे सगळे होत काही आठवडे, कित्येकदा काही महिने जातात. मग दोन्ही बाजूंचे वकील सह्या केलेल्या प्रती एकमेकांना देतात, त्याला ‘एक्स्चेंज ऑफ काँट्रॅक्ट्स’ म्हणतात, आणि त्या वेळी घेणारा साधारणपणे किमतीच्या १० टक्के रक्कम भरतो. तेथून पुढे माघार घेतली तर ती रक्कम हातची जाऊ शकते. पण एक्स्चेंजच्या आदल्या दिवसापर्यंत कोणीही, कोणतेही कारण न सांगता, मागे फिरू शकतो. विकणाऱ्याला जास्त भाव देणारा भेटला आणि त्याने तुम्हाला सोडले तर त्याला ‘गझंपिंग’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि घेणाऱ्याने ऐन वेळी भाव पाडला तर त्यालाही ‘गझंडरिंग’ म्हणतात.

त्यात भर पडते ती साखळीची. माझ्या भावाला ज्यांचे घर घ्यायचे होते त्यांना दुसऱ्या गावात घर घ्यायचे होते, आणि त्या दुसऱ्या घराच्या मालकांना तिसरीकडे. सगळ्यांचे व्यवहार एकाच वेळी पक्के व्हायचे होते. सर्वांत वरच्या टोकाला असलेल्या कोणाचे तरी कर्ज बँकेने नाकारले आणि खालपर्यंत सगळी साखळी सुटली. भावाने ज्यांना कधी पाहिले नव्हते अशा माणसांमुळे त्याचे घर गेले. आपल्याकडे अशा वेळी ‘कुठे माशी शिंकली कोण जाणे’ असे म्हणतात. तिथे म्हणतात, ‘द सेल फेल थ्रू’. घरांचे दलाल तर त्याचे नामच करून टाकतात आणि अमुक इतके ‘फॉल-थ्रू’ झाले असे मोजतात. स्कॉटलंडमध्ये पद्धत वेगळी आहे. तिथे दोन्ही बाजूंचे वकील ‘मिसिव्ह’ नावाची पत्रे एकमेकांना पाठवतात, त्या पत्रांवर एकमत झाले की व्यवहार दोघांवर बंधनकारक होतो, आणि तो टप्पा तुलनेने लवकर येऊ शकतो.

हे ऐकताना मला आपली विसारपावती आठवली. आपल्याकडे भाव ठरला की विसार दिला जातो, मग साठेखत होते, मग दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात खरेदीखताची नोंदणी होते. विसार दिला की माणसाला निम्मे घर आपले झाल्यासारखे वाटते. म्हणून विसारानंतर अडले तर आपण व्यवहार ‘मोडला’ म्हणतो आणि लगेच पुढचा प्रश्न येतो तो विसार परत मिळाला का. इंग्लंडमध्ये भाव ठरताना विसारासारखे काही द्यावे लागत नाही, त्यामुळे परत मिळण्यासारखेही काही नसते. वकिलाची आणि तपासणीची फी मात्र खिशातून गेलेली असते आणि ती कोणी भरून देत नाही. माझ्या भावाची ती गेली.

त्याच्या बोलण्यात मला आणखी एक गोष्ट जाणवली. वरच्या टोकाचा व्यवहार कोणी सोडला ते त्याला ठाऊक होते, आणि त्याविषयी बोलताना तो ‘पुल्ड आउट’ म्हणत होता, म्हणजे अमक्याने अंग काढून घेतले. स्वतःच्या घराविषयी बोलताना मात्र दर वेळी ‘फेल थ्रू’. एका वाक्यात दोन्ही आले की कारण आणि परिणाम वेगवेगळे दिसतात : ‘द बायर पुल्ड आउट, सो आवर सेल फेल थ्रू.’ विद्यार्थ्यांनी हे एक वाक्य पाठ केले तरी पुष्कळ आहे, असे मी आता वर्गात सांगते. माणूस ‘पुल आउट’ करतो, ठरलेली गोष्ट ‘फॉल थ्रू’ होते, आणि या दोघांची जागा एकमेकांना देता येत नाही.

दोष कोणावर न ठेवता अपयश सांगणे यात एक प्रकारचा सभ्यपणाही आहे. मुलगी पाहून गेलेल्या मंडळींकडून नकार येतो तेव्हा ते ‘पत्रिका जुळली नाही’ असे कळवतात, आणि मुलीकडचे शेजाऱ्यांना ‘योग नव्हता’ असे सांगतात. दोघांनाही खरे कारण ठाऊक असते. तरी ते शब्दांत आणायचे नाही, असे दोन्ही घरांनी न बोलता ठरवलेले असते, आणि त्यामुळे मुलीला पुढचे स्थळ पाहताना मान खाली घालावी लागत नाही. ‘इट फेल थ्रू’ हे वाक्य इंग्रज माणूस बरेचदा याच जागी वापरतो. नोकरी मिळता मिळता राहिली, लग्न ठरता ठरता राहिले, तर एवढेच सांगून तो थांबतो, आणि ऐकणाऱ्यानेही तेथेच थांबायचे असते. ‘व्हाय’ असे लगेच विचारणे तिथे उद्धटपणाचे समजले जाऊ शकते. हा संकेत शब्दकोशात सापडत नाही, म्हणून परदेशी जाणाऱ्या मुलांना मी तो मुद्दाम सांगते.

मी दिलेल्या वेळात त्या विद्यार्थिनीने आपले शेवटचे वाक्य नव्याने लिहिले होते. ‘द वेडिंग वेंट ऑफ व्हेरी वेल.’ लग्न पार पडले, कार्यक्रम नीट झाला, या अर्थाने इंग्रजीत हेच म्हणतात. समासातली पेन्सिलीची नोंद तिने खोडली नव्हती. तिच्याखाली दुसरी ओळ होती, ‘पार पडणे = गो ऑफ वेल. फॉल थ्रू = बारगळणे, फिसकटणे.’ मी त्या ओळीवर बरोबरची खूण केली.

भावाने पुढे सात महिन्यांनी त्याच भागात दुसरे घर पाहिले. या वेळी साखळी नव्हती, कारण विकणाऱ्या आजीबाई लेकीकडे राहायला जाणार होत्या. एका दुपारी मी वर्गाची तयारी करत असताना मावशीचा फोन आला. मुलाचा नवा संदेश आला होता आणि या वेळी तिने आधी स्वतः वाचण्याचा प्रयत्न केला होता. “‘हाउस हॅज गॉन थ्रू’ असं लिहिलंय. ते ‘थ्रू’ परत आहे बघ यात. चांगलं आहे की वाईट?”

मी म्हणाले, “पार पडलं, मावशी.”